दवाखान्याच्या अलीकडे आणि पलीकडे

लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या जुन्या चर्चचे धर्मगुरू चाड वारा यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये एक टेलिफोन क्रमांक जाहीर केला. ज्यांना जगणे नकोसे झाले आहे त्यांनी इथे बोलावे, एवढेच आवाहन होते. या खटाटोपामागे अठरा वर्षांपूर्वीचा एक अंत्यविधी होता. १९३५ मध्ये लिंकन शहरात साहाय्यक धर्मगुरू असताना वारांनी एका कोवळ्या मुलीला मूठमाती दिली होती. तिला पाळी सुरू झाली होती, आणि हा गुप्तरोगच असणार अशा समजुतीने तिने जीव दिला होता. विचारावे असे कोणी तिला सापडले नव्हते. आता फोन वाजू लागले, लोक प्रत्यक्षही येऊ लागले आणि वारांना वेळ पुरेना. ताटकळलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्याशेजारी बसायला काही स्वयंसेवक येत असत. पाहता पाहता वारांच्या ध्यानात आले की, बाहेर चहा घेताना मन मोकळे केलेल्या कितीतरी जणांना आत येऊन आपल्याशी बोलण्याची गरजच उरत नाही. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी फोन स्वयंसेवकांच्या स्वाधीन केला. बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या (समॅरिटनच्या) दाखल्यावरून एका वृत्तपत्राने दिलेले नाव या कामाला चिकटले आणि ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. चर्चमध्ये जन्मूनही ती धर्मोपदेश करत नाही; तिच्या नावाची हेल्पलाइन मुंबईतही चालते.

चर्चमधील समुपदेशनाविषयी आज जी चर्चा चालते तिचे सार या चहात सापडते. चर्चने मनाचे आजार हाताळावेत की हाताळू नयेत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर श्रद्धाळू एक देतात, डॉक्टर दुसरे. पण प्रश्न तसा मांडला की तो सुटत नाही. चर्चची खरी जागा दवाखान्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे: आजार ओळखीचा होण्याआधी जिथे माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो तिथे, आणि उपचार घेऊन आल्यावर जिथे त्याला पुन्हा माणसांत बसायचे असते तिथे. मधला टप्पा, म्हणजे निदान आणि औषधोपचार, हा त्या विद्येच्या जाणकारांचा आहे. या तीन जागा ज्या चर्चने ओळखल्या त्याच्या हातून मोठे काम झाले. ज्याने मधल्या जागेवरही हक्क सांगितला त्याच्या हातून माणसे दगावली.

पहिल्या जागेपासून सुरुवात करू. अमेरिकेत १९९० ते १९९२ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीतील माहितीचे विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसिक त्रासासाठी आयुष्यात कधीतरी मदत मागितलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा लोक धर्मगुरूकडे गेले होते. त्यांतील बहुतेक जण डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांपैकी कोणाकडेही गेले नव्हते, आणि सर्वांचे दुखणे किरकोळ होते असेही नाही. भारतात ही गरज किती मोठी आहे ते ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीवरून दिसते. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरा पडत नाही अशा देशात माणूस ओळखीच्या उंबऱ्यावरच जाणार. पाळक किंवा फादर यांची फी नसते, त्यांच्याकडे जाताना कोणी पाहिले तर लाज वाटत नाही, ते घरभेटीला स्वतःहून येतात. घरातल्या बारशापासून मयतापर्यंत ते हजर असतात, त्यामुळे कोणाचे बोलणे कमी झाले, कोण उपासनेला यायचे थांबले, हे त्यांना नातेवाइकांइतकेच लवकर कळते. म्हणजे ही भूमिका चर्चने मागून घेतलेली नाही, लोकांनी ती त्याच्या गळ्यात घातली आहे. आता ती जाणतेपणाने निभावायची की अजाणतेपणाने, एवढाच पर्याय त्याच्या हाती आहे.

जाणतेपणासाठी लागणारे पहिले धडे खुद्द या परंपरेतच आहेत. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा थकून रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. कालपर्यंत विजयी असलेला हा माणूस. त्याला दूत येऊन काय देतो? झोप, भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा अन्न. देवाशी संवाद होतो तो त्यानंतर, दूरच्या प्रवासानंतर. त्याच्या श्रद्धेची उलटतपासणी त्या झुडपाखाली कोणी घेत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर अंधारातच होतो. संग्रह करणाऱ्यांनी त्याला आशेचे ठिगळ लावले नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने मनाला घेरणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिच्यात ‘अकेडिया’ आहे: भर दुपारी सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, खोली खायला उठते, हातातले काम, सोबतची माणसे, सारेच निरर्थक होते. त्याच्यानंतरच्या जॉन कॅसियनने यावर अंगमेहनतीच्या कामाची शिफारस केली. आजच्या वैद्यकातले नैराश्य आणि अकेडिया एकच नव्हेत. तरीही खचलेल्या मनाकडे बारकाईने पाहण्याची सवय या धर्मात जुनी आहे, हे यातून कळते. म्हणून ‘खऱ्या विश्वासणाऱ्याला नैराश्य येत नाही’ असे व्यासपीठावरून सांगणारा उपदेशक आपल्याच ग्रंथाशी विसंगत बोलत असतो.

तरीही हे वाक्य बोलले गेले आणि त्याहून कठोर वागणेही झाले. सहाव्या शतकात ब्रागा येथील धर्मसभेने आत्महत्या केलेल्यांना धर्मविधी नाकारले. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेतही जाणूनबुजून जीव दिलेल्यांना चर्चचा दफनविधी नाकारणारा नियम होता. गेलेल्या माणसाच्या आईबापांना दुःखासोबत बहिष्कारही सोसावा लागे. १९८३ च्या नव्या संहितेतून हा नियम वगळला गेला आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात, तीव्र मानसिक विकार किंवा असह्य भीती यांमुळे अशा व्यक्तीची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, असे स्पष्ट लिहिले गेले. दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. जर्मनीत क्लिंगनबर्ग येथील आनेलीजे मिखेल या विद्यार्थिनीला अपस्माराचे झटके येत, त्यावर उपचारही चालले होते. पुढे तिला सैतानाने पछाडले आहे असे मानून तिच्यावर ६७ वेळा भूतनिष्कासनाचे विधी झाले, आणि जुलै १९७६ मध्ये उपासमारीने ती गेली. १९७८ मध्ये न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवले. चटका लावणारी बाब अशी की, काळ्या पित्ताने (म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे खिन्नतेने) किंवा अन्य आजाराने त्रस्त माणसाला पछाडलेला समजू नये, असा इशारा १६१४ च्या विधिग्रंथातच होता. नियम होता, तो पाळण्यासाठी लागणारी नम्रता नव्हती. १९९९ मध्ये आलेल्या सुधारित विधीने वैद्यकीय मत घेण्यावर पुन्हा भर दिला. महाराष्ट्रात तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि तो मांत्रिकाला जसा लागू आहे तसाच उपवास-प्रार्थनेच्या तंबूतल्या प्रचारकालाही.

या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती स्वतः सोसून शिकलेल्यांनी घडवली. अमेरिकी पाळक अँटन बॉयसन यांना १९२० मध्ये तीव्र मनोविकाराचा झटका आला आणि त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तिथे त्यांना जाणवले की रुग्णांच्या शरीराची विचारपूस होते, पण त्यांच्या अनुभवाला अर्थ काय हे कोणी विचारत नाही, आणि चर्चची माणसे तर या इमारतीत फिरकतच नाहीत. बरे झाल्यावर १९२४ मध्ये ते वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणले आणि पुस्तकांइतक्याच काळजीने माणसे वाचायला शिकवले. रुग्णांमध्ये, देखरेखीखाली पाळक घडवण्याची जी पद्धत आज जगभर आहे तिचा उगम तिथे आहे. भारतात ई. स्टॅनली जोन्स या मेथडिस्ट मिशनऱ्यांची कहाणी अशीच आहे. इथल्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत ते स्वतः मानसिकदृष्ट्या वारंवार कोसळले होते. पुढे १९५० मध्ये त्यांनी लखनौला ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र स्थापन केले आणि तिथे मनोविकारतज्ज्ञ नेमले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले आणि रुग्णासोबत घरच्या माणसाने राहायचे, त्यानेही आजार समजून घ्यायचा, अशी रीत पाडली. या तिन्ही ठिकाणी प्रार्थना होती, पण तिने औषधाची जागा घेतली नाही.

याला चर्चच्या आतूनच एक आक्षेप आहे आणि तो विचारपूर्वक मांडला गेलेला आहे. जे अ‍ॅडम्स या अमेरिकी धर्मशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, शारीरिक बिघाड वगळता माणसाच्या मनाचे बहुतेक प्रश्न पापाशी निगडित असतात. त्यांवर बायबलच्या आधारे बोध करणे हे पाळकाचे काम आहे आणि मानसशास्त्राने ते त्याच्याकडून हिरावून घेतले आहे. या म्हणण्यात एक तथ्य आहे. अपराधाची बोच, सूड, क्षमा, मरणाची भीती हे विषय कोणत्याही गोळीने मिटत नाहीत, आणि प्रत्येक दुःखाला रोगाचे नाव देणे हाही अन्यायच. पण ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याची भूक आणि झोप महिनोन् महिने गेली आहे, त्याला बोध करणारा माणूस त्याच्या दुखण्यात अपराधाची भर घालतो. आपल्याकडे ‘साक्ष’ देण्याची पद्धत आहे. बरा झालेला उभा राहून सांगतो, बरा न झालेला मागच्या बाकावर गप्प बसतो आणि आपलाच विश्वास तोकडा पडला असा निष्कर्ष काढतो. मधुमेह झालेल्या बांधवाला कोणी इन्सुलिन सोडायला सांगत नाही; मनाच्या आजारावर लिथियम घेणाऱ्याला मात्र ते कधी सोडणार असे विचारले जाते. शरीर देवाने घडवले असे मानणाऱ्याने मेंदूला त्यातून वगळण्याचे कारण नाही. शिवाय कायदा इथे सगळीकडे मदतीला येत नाही. कॅलिफोर्नियातील एका चर्चमध्ये समुपदेशन घेत असलेल्या तरुणाने १९७९ मध्ये आत्महत्या केली, पालक न्यायालयात गेले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असा निर्णय दिला की, व्यावसायिक नसलेल्या धार्मिक समुपदेशकावर रुग्णाला पुढे पाठवण्याचे कायदेशीर बंधन नाही. जे बंधन कायदा घालत नाही ते स्वतःवर घालून घेणे हीच नैतिकता.

बाहेरून येणारा आक्षेप याच्या नेमका उलट आहे: प्रशिक्षण नसलेल्या माणसांनी मनाला हातच लावू नये, ज्याचे त्याने करावे. यातली सावधगिरी रास्त आहे, निष्कर्ष मात्र पुराव्याला धरून नाही. पुरावा गोव्यातलाच आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना सहा ते आठ बैठकांत, सोडून दिलेल्या साध्या साध्या कामांत पुन्हा हात घालायला मदत केली. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के लोक नैराश्याच्या बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीची, थोडी सुधारित सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. समुपदेशक चर्चचे नव्हते, आरोग्यसेवेचे होते, ही गोष्ट विसरता येणार नाही. पण पदवी नसलेला माणूसही उपयोगी पडतो, अट एवढीच की त्याला ठरावीक पद्धत शिकवलेली असावी, त्याच्या कामावर देखरेख असावी आणि अवघड रुग्ण पुढे पाठवण्याची सोय असावी, हे त्यातून सिद्ध होते. महिला मंडळ, तरुण संघ, घरभेटी करणारे सेवक अशी माणसे चर्चपाशी आधीच आहेत. तिथे मायेची उणीव नाही. उणीव शिकवणीची आणि देखरेखीची आहे.

धर्माने मन बरे राहते, असा दावाही तोलून घ्यावा लागतो. अमेरिकेतील ८९,७०८ परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात, आठवड्यातून निदान एकदा उपासनेला जाणाऱ्यांमधील आत्महत्यांचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पाचपटीने कमी आढळले. हा अहवाल २०१६ चा. आकडा डोळे दिपवतो, पण त्या सबंध अभ्यासात आत्महत्यांच्या घटना ३६ होत्या, सहभागी सर्व स्त्रिया होत्या, आणि खचलेला माणूस घराबाहेरच पडत नाही हाही मुद्दा असतो. त्यामुळे ‘चर्चला जा म्हणजे बरे व्हाल’ असे औषधाच्या चिठ्ठीसारखे सांगता येत नाही. मात्र जो आधीच तिथे येतो त्याला दर रविवारी कोणीतरी नावाने हाक मारते, न आल्यास चौकशी करते, यात संरक्षण आहे, असे मानायला जागा आहे. जो दुसऱ्या धर्माचा आहे किंवा ज्याचा विश्वास उडाला आहे, त्याच्यापुढे समुपदेशन हे धर्मांतराचे आमिष म्हणून ठेवणे तर सरळ विश्वासघात आहे. वारांनी आपल्या स्वयंसेवकांना उपदेशापासून दूर ठेवले ते म्हणूनच.

आता राहतो अधिकाराचा प्रश्न, आणि इथे एका गोवेकर धर्मगुरूची आठवण येते. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करत. त्या काळी संमोहकाच्या अंगातून काही चुंबकीय द्रव वाहतो असा समज होता. फारियांनी सांगितले की असला काही द्रव नसतो. जे घडते ते त्या व्यक्तीच्याच मनात घडते. पणजीत त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या प्रतिपादनातला विनय चर्चने आपल्या समुपदेशनात आणायला हवा. झग्यात सामर्थ्य नाही. ऐकणाऱ्याने स्वतःला जितके बाजूला ठेवावे तितके समोरच्याला बळ येते. व्यवहारात याचा अर्थ अगदी ठोस आहे. पापनिवेदनाला गुप्ततेचे कडक बंधन आहे, पण समुपदेशन म्हणजे पापनिवेदन नव्हे, आणि तिथली गुप्तता वेगळी ठरवून, आधी सांगून पाळावी लागते. लहान मंडळीत एखाद्याचे दुखणे ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून जाहीर होते आणि दुपारपर्यंत गावभर होते. भल्या हेतूने केलेली ती चहाडीच. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला क्षमा आणि सहनशीलता शिकवणे हे समुपदेशन नव्हे. तिथे आधी तिची सुरक्षितता. आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर हो असेल तर माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे, त्यामुळे पोलिसांच्या धाकाने कोणी लपवालपवी करण्याचे कारण नाही. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर उपासनेच्या वेळेशेजारी असायला हरकत काय? आणि पाळक स्वतः? अमेरिकेतील २०१४ च्या एका पाहणीत २३ टक्के पाळकांनी आपण मानसिक आजाराशी झुंजलो असल्याचे मान्य केले. सगळ्यांचे ऐकणाऱ्याचे कोण ऐकते, याची व्यवस्था नसेल तर बाकीची व्यवस्था फार काळ टिकत नाही.

उपचारानंतरचे काम तर कोणत्याही दवाखान्याला जमण्यासारखे नाही. बेल्जियममधील गील या गावी संत डिंफना यांच्या चर्चमध्ये मध्ययुगापासून मनोरुग्ण यात्रेला आणले जात. चर्चलगतची जागा भरली की गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवून घेत. यात्रा संपली तरी पुष्कळ जण तिथेच राहिले, जेवले, शेतात राबले. १८५० मध्ये सरकारने व्यवस्था हाती घेतली, डॉक्टरांची देखरेख आली, पण घरे तीच राहिली. १९३८ मध्ये गावात असे ३,७०० हून अधिक पाहुणे होते आणि ही प्रथा लहान प्रमाणात आजही टिकून आहे. लोक संतांकडे चमत्कार मागायला आले. हाती लागले ते ताट आणि खाट, आणि बहुतेकांना गरज त्याचीच होती. आपल्याकडे रुग्णालयातून परतलेल्या माणसाला मंडळीत काय मिळते? बहुधा चौकशीच्या नजरा, नाहीतर अवघडलेले मौन. त्याला गायकवृंदात पूर्वीची जागा, नाताळाच्या तयारीत एखादे काम, औषधाची वेळ झाली की पाण्याचा पेला, एवढे मिळाले तरी गोळ्या सुटण्याची आणि आजार उलटण्याची भीती बरीच कमी होईल. म्हणून एखाद्या चर्चच्या समुपदेशनाचे मोल ठरवताना तिथे किती जण बरे झाले हे विचारू नये. तिथून किती जण वेळेवर डॉक्टरांकडे गेले, आणि परत आल्यावर त्यांच्यासाठी बाकावर कोण सरकून बसले, हे विचारावे.